बेटावरच्या शिशुधानी प्राण्यांना टिकायला किती संख्या पुरते?

प्रश्न थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर वॅलबी (छोटे कांगारू), क्वोका, बँडिकूट असे शिशुधानी, म्हणजे पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवणारे प्राणी हजारो वर्षांपासून अडकून पडले आहेत. कुठे दहा हजार, कुठे शे-दोनशे. मग ‘थोड्या काळासाठी 50, कायमसाठी 500’ हा पुस्तकी नियम खरा मानायचा का? आणि एखाद्या रिकाम्या बेटावर नव्याने प्राणी सोडायचे तर किती सोडायचे?

आधी उत्तर देतो. नियम चुकीचा नाही, पण तो ज्या आकड्याबद्दल बोलतो तो पाहणीत मोजलेला आकडा नसतो. त्यातही सरासरी वर्षाच्या संख्येला फारसा अर्थ नाही. सर्वांत वाईट वर्षी किती उरतात, त्यातल्या किती जणांची पिल्लं पुढे जगतात आणि मांजर, कोल्हा, वणवा यांपैकी काही त्या बेटावर पोहोचू शकतं का, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. नव्या बेटासाठी एकमेकांच्या नात्यात नसलेले किमान 30 प्राणी, तेही एका वेळी नाही, टप्प्याटप्प्याने.

आता कारणं. हिमयुग ओसरलं, समुद्र चढला आणि किनाऱ्यालगतच्या टेकड्या बेटं झाल्या. पर्थजवळचं रॉटनेस्ट सुमारे 7,000 वर्षांपूर्वी तुटलं, बॅरो बेट सुमारे 8,000 वर्षांपूर्वी. अशी शेकडो बेटं तुटली आणि बहुतेकांवरचे प्राणी संपले. आज आपण बघतो ती उरलेली. म्हणून ‘बघा, इतक्या लहान बेटावरही टिकले’ हे उदाहरण देताना सांभाळा. तो निकाल पास झालेल्यांचाच आहे, नापासांची यादी कुणी लावलेली नाही.

तरीही पास झालेल्यांकडून शिकण्यासारखं बरंच आहे. पहिली गोष्ट म्हणजे देहाचा आकार आणि आहार. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जुरियन उपसागरात व्हिटलॉक नावाचं जेमतेम 5 हेक्टरचं बेट आहे. तिथे डिब्लर हा मुठीत मावेल एवढा कीटकभक्षी शिशुधानी राहतो. शेजारच्या सुमारे 26 हेक्टरच्या बुलांजर बेटावरही आहे. एवढ्याशा जागेत त्याचं भागतं, कारण समुद्रपक्ष्यांची विष्ठा जमिनीला खत पुरवते, त्यावर झुडपं वाढतात आणि झुडपांवर कीटक. म्हणजे बेटाचं क्षेत्रफळ 5 हेक्टर असलं तरी अन्नाचा काही भाग समुद्रातून येतो. पक्ष्यांची वस्ती उठली तर डिब्लरचंही कठीण होईल, हे संख्येच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

दुसऱ्या टोकाला बास सामुद्रधुनीतलं फ्लिंडर्स बेट घ्या. 1,300 चौ. किमीहून मोठं. वोंबॅट, बेनेट्स वॅलबी, पॅडेमेलन हे शाकाहारी तिथे टिकले. पण युरोपीय लोक पोहोचले तेव्हा टास्मानियन डेव्हिल किंवा थायलसीन (टास्मानियन वाघ) हे मांसाहारी तिथे नव्हते. मांसाहाऱ्याला एका तोंडामागे लागणारी जागा कित्येक पट जास्त असते, म्हणून बेट आक्रसलं की पहिला नंबर त्याचा लागतो.

मधल्या आकाराचे शाकाहारी मात्र आश्चर्य वाटावं इतके चिवट आहेत. अब्रोल्होस द्वीपसमूहातल्या पूर्व आणि पश्चिम वॉलाबी या बेटांवर 1629 साली बटाविया जहाज फुटल्यावर त्याचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट याने टॅमर वॅलबीचं वर्णन लिहून ठेवलं. ही बेटं सुमारे 3 आणि 6 चौ. किमीची. टॅमर आजही तिथे आहेत. रॉटनेस्टच्या 19 चौ. किमीवर क्वोका दहा हजारांच्या घरात आहेत, म्हणजे चौरस किलोमीटरला पाचशेच्या आसपास. भक्षक नसेल तर छोट्या वॅलबींची घनता अशी चढते. या कुळात आणखी एक सोय आहे: पिशवीत पिल्लू असतानाच पुढचा गर्भ सुप्त अवस्थेत थांबून राहतो. पिशवीतलं पिल्लू दुष्काळात मेलं तर नराची वाट न बघता तो गर्भ वाढायला लागतो. संख्या कोसळल्यावर लवकर सावरायला याचा मोठा उपयोग होतो.

आता बॅरोचं उदाहरण जरा जवळून पाहू, कारण या प्रश्नावरची बहुतेक चर्चा तिथे येऊन अडते. बेट सुमारे 234 चौ. किमीचं. नकाशा बघून वाटेल, खडकवासी वॅलबींना जागाच जागा. प्रत्यक्षात काळ्या पायांची ही वॅलबी पश्चिम किनाऱ्यावरच्या चुनखडीच्या कड्यांना धरून राहते. दिवसा गुहेत आणि कपारीत, रात्री आसपास चरायला. म्हणजे तिच्यासाठी बेट हा एक बारीक पट्टा आहे. 1999 साली या प्राण्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. 10 जनुकीय खुणा तपासल्या, त्यातल्या फक्त एकीत फरक सापडला. सरासरी विषमयुग्मजता (एका प्राण्यात त्याच जनुकाची दोन वेगळी रूपं असण्याचं प्रमाण) 0.053 आली आणि मुख्य भूमीच्या तुलनेत अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या प्रजननाचा गुणांक 0.91. मुख्य भूमीवरच्या कळपात दहापैकी नऊ माद्या दूध पाजत असलेल्या मिळाल्या, बॅरोवर जेमतेम निम्म्या. म्हणजे अंतःप्रजननाने तब्येतीवर घाव घातलेला आहे, तरी वंश चालू आहे.

यावरून ‘अंतःप्रजननाचा बाऊ करू नका’ असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. बॅरोवर कोल्हा नाही, मोकाट मांजर नाही. निम्म्या माद्यांची पिल्लं तिथे पुरतात, कारण पिल्लं खाणारं फारसं कुणी नाही. हाच कळप उचलून कोल्हे असलेल्या मुख्य भूमीवर नेला तर त्या निम्म्या पिल्लांवर भागणार नाही.

आकडेमोड घरी करून बघता येते. दर पिढीला जनुकीय विविधतेचा 1 ÷ (2 × परिणामकारक संख्या) एवढा भाग गळतो. परिणामकारक संख्या म्हणजे प्रत्यक्षात पुढच्या पिढीला जनुकं देणाऱ्यांची संख्या; 50/500 चा नियम तिच्याबद्दलच बोलतो. परिणामकारक संख्या 50 असेल तर पिढीला 1 टक्का, 500 असेल तर 0.1 टक्का. 50 वर 100 पिढ्या काढल्या तर मूळच्या विविधतेपैकी सुमारे 37 टक्के उरते. 500 वर बॅरोइतक्या, म्हणजे 5 वर्षांची एक धरून 1,600 पिढ्या काढल्या तर सुमारे 20 टक्के. बॅरोवर 9 टक्के (1 − 0.91) उरली आहे. उलट सोडवलं तर परिणामकारक संख्या सुमारे 330 येते. पण इथे एक गोम आहे: या सूत्रात नवी उत्परिवर्तनं धरलेली नाहीत. 1,600 पिढ्यांत उत्परिवर्तनाने थोडी विविधता परत येतेच, म्हणून 330 ही वरची मर्यादा समजा. खरा आकडा त्याच्या बराच खाली असणार.

परिणामकारक संख्या मोजलेल्या संख्येहून इतकी कमी का येते? तीन कारणं आहेत. सगळ्यांना पिल्लं होत नाहीत. नर-मादी प्रमाण बिघडलेलं असतं: 90 माद्या आणि 10 नर असतील तर परिणामकारक संख्या 100 नाही, 36 येते (4 × 90 × 10 ÷ 100). तिसरं आणि सर्वांत मोठं कारण चढउतार. समजा चार पिढ्या संख्या 1,000 राहिली आणि पाचव्या पिढीत दुष्काळाने 50 वर आली. साधी सरासरी 810, पण इथे हरात्मक सरासरी (जिच्यात लहान आकड्यांना जास्त वजन मिळतं) लागू होते आणि ती 208 भरते. एका वाईट पिढीने चार चांगल्या पिढ्या खाल्ल्या. रानटी प्राण्यांत परिणामकारक संख्या ढोबळमानाने मोजणीच्या 10 ते 20 टक्के निघते. म्हणून 500 हवी असेल तर जमिनीवर 2,500 ते 5,000 प्राणी लागतात. 50/500 ची शिफारस 1980 ची. 2014 साली ती दुप्पट करून 100/1,000 सुचवली गेली, आणि ती मला जास्त प्रामाणिक वाटते. या हिशेबात बसणारी शिशुधानींची बेटं फार थोडी आहेत हेही खरं.

पण जनुकांची गळती हा जुनाट आजार आहे. तो पिढ्यान् पिढ्या अंगावर काढता येतो. बेटावरचे प्राणी प्रत्यक्षात मरतात ते घाल्याने. माँटेबेलो समूहातल्या हर्माइट बेटावर मांजरं पोहोचली आणि सोनेरी बँडिकूट व चष्मेवाली ससा-वॅलबी तिथून नाहीशी झाली. जनुकं बिघडायला वेळच मिळाला नाही. मुख्य भूमीवर तनामी वाळवंटात माला या लालसर ससा-वॅलबीचे शेवटचे दोन रानटी कळप उरले होते. एक कोल्ह्यांनी संपवला, दुसरा 1991 च्या वणव्यात जळाला. आधीच पकडून वाढवलेले प्राणी होते म्हणून मुख्य भूमीवरची ही उपजात वाचली. त्यांतले सुमारे 30 पुढे 1998 साली ट्रिमुई बेटावर सोडले आणि तिथे त्यांनी बस्तान बसवलं. गिल्बर्ट्स पोटोरू या छोट्या शिशुधानीचंही तसंच. 1994 साली पुन्हा सापडलेला हा प्राणी एकाच डोंगरावर उरला होता. 2005 पासून मोजके प्राणी सुमारे 8 चौ. किमीच्या बॉल्ड बेटावर नेले. 2015 च्या आगीत मूळ अधिवासाचा बहुतांश भाग जळाला, तेव्हा ते बेटच कामी आलं.

संख्येचं गणित करताना हे घाले वेगळे धरावे लागतात. पृष्ठवंशी प्राण्यांच्या अनेक जातींच्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं की निम्मी किंवा त्याहून जास्त संख्या एकदम कोसळण्याची शक्यता दर पिढीला सुमारे 14 टक्के असते. म्हणजे साधारण सात पिढ्यांत एकदा. 5 वर्षांची पिढी धरली तर 35 वर्षांनी एकदा असा तडाखा गृहीतच धरायचा. ज्या आराखड्यात तो नाही, तो आराखडा हवामान कायम छान राहील असं मानून केलेला असतो.

आता नव्या बेटावर प्राणी नेण्याचं काम. पहिली पायरी बेट साफ करणं. शार्क उपसागरातलं डर्क हार्टोग बेट सुमारे 620 चौ. किमीचं. तिथल्या मेंढ्या आणि बकऱ्या काढल्या. मांजरांसाठी आधी बेटाच्या आडव्या बाजूने 13 किमीचं कुंपण घातलं, म्हणजे एक भाग साफ करताना दुसऱ्या भागातून मांजर आत येऊ नये. मग विमानातून विषारी आमिषं टाकली आणि शेवटची चिवट मांजरं कॅमेरे व सापळे लावून एकेक करून काढली. शेवटच्या मांजराच्या खुणेनंतर दोन वर्षं काहीच न दिसल्यावर 2018 साली बेट मांजरमुक्त जाहीर झालं. ही दोन वर्षांची वाट बघणं अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतं. तसं नाही. एक गाभण मांजरी राहिली तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो.

दुसरी पायरी, किती न्यायचे. 10 प्राणी नेले तर मूळ विषमयुग्मजतेचा 95 टक्के भाग सोबत येतो, 30 नेले तर 98. फरक फारसा वाटत नाही, आणि इथेच लोक फसतात. दुर्मीळ जनुकांचं गणित वेगळं आहे. कळपात 5 टक्के प्रमाणात असलेलं जनुकरूप 10 प्राण्यांत एकदाही न येण्याची शक्यता सुमारे 36 टक्के, 30 प्राण्यांत 5 टक्क्यांहून कमी. पुढे एखादा नवा रोग आला तर उपयोगी पडणारं रूप बहुधा या दुर्मीळांतच असतं. हे 30 प्राणीही खरोखर पिल्लं देणारे हवेत. नेल्यावर पहिल्या वर्षात काही मरतात, म्हणून 50 ते 60 ची तयारी ठेवा.

कमी मूळप्राण्यांतून मोठी संख्या होऊ शकते हेही खरं, आणि तेच फसवं आहे. कांगारू बेटावर 1920 च्या दशकात फ्रेंच बेटावरून 18 कोआला आणले. फ्रेंच बेटावरचे स्वतःच दोन-तीन कोआलांची प्रजा. कांगारू बेटावर त्यांची संख्या हजारोंनी वाढली, झाडं ओरबाडली गेली आणि 1997 पासून नसबंदी करावी लागली. त्याच कळपात एक वृषण नसलेले नर सापडतात. 2019–20 च्या वणव्यात बेटाचा जवळजवळ अर्धा भाग जळाला आणि कोआलांचा मोठा हिस्सा गेला. म्हणजे पुन्हा एक अरुंद वाट. हवाईतल्या ओआहू बेटावर तर 1916 साली खाजगी प्राणिसंग्रहातून सुटलेल्या खडकवासी वॅलबींच्या एका जोडीचा वंश शतक उलटल्यावरही चालू होता. हे नशीब आहे, त्याला पद्धत समजू नका.

तिसरी पायरी पकडणं आणि नेणं. स्रोत बेटावरून प्राणी चांगल्या पावसानंतर काढा, दुष्काळात नाही. शार्क उपसागरातल्याच बर्नियर आणि डोर या बेटांवर संख्या पावसाबरोबर वरखाली होते. पडत्या काळात 50 काढले तर मूळ कळपाचाच कणा मोडतो. वॅलबी पकडल्यावर सर्वांत मोठा धोका ताणाने स्नायू झिजण्याचा: पकडताना ठीक दिसणारा प्राणी काही दिवसांनी मरतो. म्हणून थंड वेळ, गडद जाड कापडी पिशवी, कमीत कमी हाताळणी. घाबरलेली मादी पोटाच्या पिशवीतलं पिल्लू टाकून देते. त्यासाठी पोटाच्या पिशवीचं तोंड चिकटपट्टीने हलकं बंद करतात, प्राणी शांत झाल्यावर ती आपोआप सुटते. कानाच्या कडेचा 2–3 मिमीचा तुकडा जनुकीय तपासणीसाठी आणि कातडीखाली मायक्रोचिप हे याच वेळी उरकून घ्या, परत पकडायची वेळ आणू नका. डर्क हार्टोगवर 2017 साली लालसर आणि पट्टेदार या दोन्ही ससा-वॅलबींचे 12–12 प्राणी आधी चाचणी म्हणून सोडले आणि ते जगताहेत हे बघूनच पुढच्या वर्षी मोठी तुकडी नेली. हा क्रम मला योग्य वाटतो.

चौथी पायरी मोजणी. बहुतेक प्रकल्पांत घोडं इथेच पेंड खातं. साधी पद्धत अशी: पहिल्या फेरीत 40 प्राणी खुणा करून सोडले, दुसऱ्या फेरीत 50 सापडले, त्यातले 10 खुणेचे. (41 × 51 ÷ 11) − 1 म्हणजे सुमारे 189. पण काही प्राण्यांना आमिषाची चटक लागते आणि तेच परत परत पिंजऱ्यात येतात. मग अंदाज कमी येतो. काही एकदा सापडल्यावर परत फिरकत नाहीत, तेव्हा तो फुगतो. जिथे अनेक जाती एकत्र आहेत तिथे धीट जात संध्याकाळीच पिंजरे भरून टाकते आणि बुजरी जात कमी दिसते. उपाय म्हणजे पिंजरे वाढवणं आणि रात्रीतून एकदा रिकामे करणं. मोजणी दर वर्षी त्याच महिन्यात करा, आणि शक्य असेल तर उन्हाळा संपताना, कारण आपल्याला तळाचा आकडा हवा आहे.

हे आकडे हाती आले की संगणकावर भविष्य चालवून बघता येतं. व्होर्टेक्स ही प्रणाली यासाठी सर्रास वापरतात. सुरुवातीची संख्या, धारणक्षमता (बेट जास्तीत जास्त किती प्राणी पोसू शकतं), पहिल्या प्रजननाचं वय, दर वर्षी पिल्लं देणाऱ्या माद्यांचं प्रमाण, वयानुसार मृत्यू आणि त्यातला वर्षागणिक चढउतार, वर सांगितलेले तडाखे आणि अंतःप्रजननाचा भार, एवढं भरायचं. किमान 500 वेळा चालवा आणि निदान 40 पिढ्यांपर्यंत. अंतःप्रजननाचा भार (एका प्राण्यात दडलेल्या घातक जनुकदोषांचं माप) मूळ 6.29 वर ठेवलेला असतो, ‘आमच्या प्राण्यांना काही होत नाही’ म्हणून तो शून्य करू नका. ‘100 वर्षांत टिकण्याची शक्यता 95 टक्के’ एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. धारणक्षमता निम्मी केली तर काय होतं आणि तडाखे दुप्पट केले तर काय होतं, हे पाहिल्यावरच बेट पुरेसं आहे की नाही ते कळतं.

शेवटी, एका बेटावरचा कळप कायम एकटा ठेवायचा का? माझं मत नाही असं आहे. व्हिक्टोरियातल्या माउंट बुलर शिखरावरचा डोंगरी पिग्मी पॉसम बेटावर नाही, पण हिमरेषेपाशी अडकल्याने त्याची गत बेटासारखीच. संख्या पन्नाशीच्या खाली गेली होती. 2011 च्या सुमारास माउंट हॉथमहून नर आणले, संकर झाला आणि काही वर्षांत संख्या दोनशेच्या वर गेली. पिढीला एखाद-दुसरा बाहेरचा प्रजननक्षम प्राणी मिळाला तरी गळती बरीच थांबते. लालसर किंवा पट्टेदार ससा-वॅलबीच्या बाबतीत बर्नियर आणि डोर अशा दोन कळपांतून प्राणी एकत्र सोडण्यामागेही हाच विचार आहे.

एकत्र करण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. हजारो वर्षं तुटलेल्या कळपांत गुणसूत्रांचा फरक पडला असेल तर संकरित पिल्लं वांझ निघू शकतात. खडकवासी वॅलबींत गुणसूत्रांचे फरक भरपूर आहेत, त्यामुळे तिथे आधी तपासणी. दुसरं, रोग. बर्नियरच्या पट्टेदार बँडिकूटमध्ये चामखिळींपासून कर्करोगापर्यंत जाणारा विषाणुजन्य आजार आढळला. अशा वेळी तिथल्या जनुकांची कितीही गरज असली तरी रोगमुक्त बेटावरूनच प्राणी घ्यावे लागतात आणि विविधतेचा काही भाग हातचा सोडावा लागतो.

आणि बेटावर आधीपासून कोण राहतं तेही बघा. चेहऱ्याच्या संसर्गजन्य कर्करोगापासून डेव्हिल वाचावेत म्हणून 2012–13 मध्ये 28 डेव्हिल टास्मानियाजवळच्या मरिया बेटावर सोडले. 115 चौ. किमीवर ते चांगले फोफावले, संख्येच्या दृष्टीने काम फत्ते. त्याच बेटावर 2012 साली लिटल पेंग्विनच्या सुमारे 3,000 जोड्या होत्या. त्या संपल्या. ज्या बेटावर जमिनीत बिळं करून राहणारे पक्षी आहेत, तिथे मांसाहारी शिशुधानी सोडू नयेत, मग गणित कितीही चांगलं येवो.